मानसिक आरोग्याच्या संस्थेत ट्रेनिंग डिझायनर व्हायचंय? आधी एक संवाद लिहून दाखवा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या आयटी कंपनीत नऊ वर्षं ई-लर्निंगचे कोर्स तयार करणाऱ्या एका ताईंना मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेची जाहिरात दिसली आहे. पद 'ट्रेनिंग डिझाइन'चं. संस्था आशाताई, शिक्षक आणि गावातले स्वयंसेवक यांना प्रशिक्षण देते, आणि अर्जासोबत कामाचा एक नमुना मागते आहे. ताईंकडे मानसशास्त्राची पदवी नाही, पोर्टफोलिओत सगळं सायबर सुरक्षा आणि सेल्स. काही वर्षांपूर्वी त्या स्वतः नैराश्यातून गेल्या आहेत. ते लिहावं की लिहू नये, हेही त्यांनी विचारलंय.

अर्ज जरूर करा. मी बरीच वर्षं अशा संस्थांसाठी प्रशिक्षणं आखते आणि निवड समितीतही बसते. पदवी नाही म्हणून बाद झालेले उमेदवार मला फारसे आठवत नाहीत. बहुतेक जण बाद होतात ते वेगळ्याच कारणानं. त्यांना वाटतं, इथं मानसिक आरोग्य समजावून सांगायचं आहे. समजावून सांगणारे संस्थेत आधीच असतात. मानसोपचारतज्ज्ञ असतात, समुपदेशक असतात, आणि त्यांना बोलायला फार आवडतं. नसतो तो असा माणूस, जो विचारेल की प्रशिक्षण संपल्यावर पुढच्या मंगळवारी ही आशाताई एखाद्या घराच्या ओट्यावर बसेल तेव्हा तिच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघेल? अख्खा अर्ज या एका प्रश्नाभोवती बांधा.

पदवीबद्दल एकच सावधगिरी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते. प्रशिक्षण आखायला ती लागत नाही. पण म्हणून शनिवार-रविवारचा ऑनलाइन कोर्स करून सीव्हीवर 'सर्टिफाइड काउन्सेलर' लिहू नका. आमच्या टेबलावर असा सीव्ही आला की तो बाजूलाच पडतो, कारण आपली हद्द कुठं संपते हे ज्याला कळत नाही तो इतरांना हद्द शिकवणार कशी? आशाताईला आम्ही हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळ शिकवतो: तू डॉक्टर नाहीस, निदान करू नकोस, पण ऐकू शकतेस आणि पुढे पोचवू शकतेस.

अर्जाआधी थोडा अभ्यास करा. मुलाखत घेणारे ज्या प्रयोगांच्या भाषेत विचार करतात ते माहीत असले की गप्पा सरळ होतात. गोव्यात 'संगथ' संस्थेनं तज्ज्ञ नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन 'मानस' हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. त्यानंतरच्या 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम'मध्ये, ज्याचे निष्कर्ष २०१७ साली आले, अशाच समुपदेशकांनी नैराश्यासाठी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. तुमच्या दृष्टीनं यातली सर्वांत मोलाची गोष्ट शोधनिबंधाच्या सारांशात ठळक दिसणार नाही. हे समुपदेशक प्रशिक्षणानंतर एकत्र बसून एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. प्रशिक्षणाचे दिवस ही फक्त सुरुवात होती, हात बसला तो तिथं.

आपल्याकडची दोन उदाहरणंही वाचा. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात इंडियन लॉ सोसायटीच्या पुण्यातल्या केंद्रानं 'आत्मीयता' सुरू केलं. गावातले 'मित्र' आणि त्यांच्यावर 'चॅम्पियन' अशी दोन पातळ्यांची रचना, हातात स्मार्टफोन, त्यात छोट्या फिल्म, आणि समुपदेशनासोबत सरकारी योजनांचे कागद मिळवून द्यायला मदत. हे शेवटचं विसरू नका. विधवा पेन्शन अडकलेल्या बाईला फक्त श्वासाचा व्यायाम शिकवणं म्हणजे चेष्टाच. दुसरं उदाहरण अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांतलं 'विश्राम'. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुमारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. ठाण्याची 'आयपीएच', पुण्यातलं व्यसनमुक्ती केंद्र 'मुक्तांगण', स्किझोफ्रेनियावर काम करणारी 'सा' आणि 'बापू ट्रस्ट' या संस्थांची कामाची पद्धत एकमेकांपासून खूप वेगळी आहे. व्यसनमुक्ती केंद्राला पाठवलेलं पत्र नाव बदलून स्किझोफ्रेनियाच्या स्वमदत गटाला पाठवलं तर तिथं ते दोन ओळींत ओळखलं जातं.

आता कव्हर लेटर. एक पान, जास्त नको. 'लहानपणापासून मला माणसांची आवड' हे वाक्य आम्ही इतक्यांदा वाचलंय की डोळा त्यावर थांबतच नाही. त्याऐवजी तुमच्या सायबर सुरक्षेच्या कोर्सबद्दलच लिहा. तुम्हाला तो अडचणीचा वाटतोय, पण माझ्या मते तोच तुमचा हुकमी एक्का आहे. फिशिंगचा, म्हणजे फसवून लिंक उघडायला लावणारा ईमेल आल्यावर कर्मचारी क्लिक करतो की थांबतो, हे माहितीवर ठरत नाही. माहिती सगळ्यांना असते. ते ठरतं घाईच्या त्या दोन-तीन सेकंदांत. तुम्ही त्या सेकंदांसाठी सराव आखला असेल, खोटे ईमेल पाठवून पाहिले असतील, चुकलेल्याला न हिणवता पुन्हा संधी दिली असेल. आशाताईचंही असंच असतं. समोरची बाई 'जगणंच नको झालंय' म्हणाली की घाबरून काहीतरी धीराचं बोलून टाकायची घाई होते. त्या क्षणासाठी सराव आखणं हे तुमचं काम. हे स्वतःच्या शब्दांत सात-आठ वाक्यांत लिहा आणि नमुन्याकडे बोट दाखवा. एलएमएस, स्कॉर्म, स्टोरीलाइन वगैरे ई-लर्निंगची तांत्रिक साधनं सीव्हीत एका ओळीत उरकलं तरी चालेल. कुठल्याशा पंचायत समितीच्या सभागृहात प्रोजेक्टर चालेलच याची खात्री नसते.

खरी परीक्षा नमुन्याची. इथं कंपनीसाठी केलेला कोर्स जोडू नका; एक तर तो कंपनीच्या मालकीचा असतो, आणि चकचकीत ॲनिमेशननं आम्ही फारसे भारावत नाही. नवीन करा. तीन-चार पानं, मराठीत, एकाच प्रसंगावर. 'मानसिक आरोग्य: ओळख' असा दिवसभराचा आराखडा पाठवणारे खूप असतात. तुम्ही चाळीस मिनिटांचा एकच सराव पाठवा, पण तो असा लिहा की अनोळखी प्रशिक्षक तो वाचून उद्या घेऊ शकेल.

एक उदाहरण देते, म्हणजे किती बारकाईनं लिहायचं ते कळेल. आशाताई गृहभेटीला गेली आहे. बाळंतपणाला चार महिने झालेत, बाळाचं वजन ठीक आहे. आई म्हणते, झोप लागत नाही, डोकं धरतं, हातापायांत त्राण नाही. निघता निघता म्हणते, "कशाला जगायचं असं होतं कधी कधी." प्रशिक्षणात इथं थांबायचं आणि विचारायचं: आता तुम्ही काय बोलाल? बहुतेक जणी म्हणतात, "अगं, असं नको बोलू. सोन्यासारखं लेकरू आहे." मनापासून म्हणतात. पण त्या वाक्यानं समोरचं दार बंद होतं, कारण बाईला कळतं की पुढचं इथं बोलायचं नसतं. दुसरी वाट अशी:

"कधी कधी म्हणजे? किती दिवस झाले असं वाटतंय?"

"महिना झाला असेल."

"मी सरळ विचारते, राग मानू नकोस. जीव द्यायचा विचार मनात येतो का?"

(आशाताई गप्प. फॉर्मकडे बघत नाही.)

"येतो. मग लेकीकडं बघते."

"बरं झालं सांगितलंस. आज, आत्ता पण येतोय का? काही करायचं ठरवलंयस का?"

सरळ विचारलं तर नसलेला विचार मनात येईल ही भीती प्रत्येक बॅचमध्ये निघते. जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन याबाबत स्वच्छ आहे: विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बोलायची वाट मिळते. पण हे वाक्य फळ्यावर लिहून भीती जात नाही. भीती जाते तो प्रश्न स्वतःच्या तोंडानं चार-पाच वेळा उच्चारल्यावर. म्हणून सराव तिघींच्या गटात ठेवा: एक आई, एक आशा, एक निरीक्षक. निरीक्षकाच्या हातात एक कार्ड, त्यावर चारच ओळी. थेट विचारलं का? उत्तरानंतर गप्प राहता आलं का? लगेच सल्ला दिला का? पुढं कोणाला कळवणार हे बाईला सांगितलं का? मग भूमिका बदला. मग दुसरी फेरी घ्या, आणि तिच्यात एक अडथळा घाला: मध्येच सासूबाई पाणी घेऊन येतात आणि तिथंच बसतात. आता? कोणी बाळाला उन्हात घेऊन जायच्या निमित्तानं बाईला अंगणात नेते, कोणी सासूबाईंनाच आत चहाला पाठवते, कोणी उद्या आरोग्य केंद्रात बोलावते. ही उत्तरं आशाताईंकडूनच येतात, आपल्यापेक्षा कितीतरी चांगली. तुमच्या नमुन्यात त्यांना ती द्यायला जागा आहे का, हे आम्ही बघतो. वेळ कमी पडला की प्रशिक्षक पहिली कात्री दुसऱ्या फेरीला लावतात. तुम्ही नमुन्यातच लिहून ठेवा की कापायचं असेल तर आधीचं भाषण कापा, ही फेरी नको.

धोका असेल तर पुढं काय, हे नमुन्यात असलंच पाहिजे: बाईला एकटं सोडायचं नाही, घरातलं भरवशाचं माणूस कोण ते तिलाच विचारायचं, फवारणीचं औषध कुलपात किंवा घराबाहेर जाईल असं बघायचं, वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि संस्थेच्या समुपदेशकाला तिथूनच फोन करायचा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास आहे, मराठीतही. शेवटची ओळ प्रशिक्षणानंतरची लिहा: महिन्याच्या आशा बैठकीत गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी) वीस मिनिटं एका प्रसंगावर चर्चा घेईल, आणि ती कशी घ्यायची याचं अर्ध्या पानाचं टिपण सोबत जोडलेलं आहे. एवढी एक ओळ आली तरी तुमचा अर्ज वरच्या गठ्ठ्यात जातो. खरंच जातो.

नमुन्यात अर्ज घसरतो अशा काही जागा सांगते. सुरुवात आकडेवारीनं करू नका. त्यातही २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण घेऊन 'महाराष्ट्रात १०.६ टक्के' असं लिहिणारे भेटतात. तो आकडा बारा राज्यांतल्या प्रौढांचा आहे आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. जुनी पीपीटी उचलून 'आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा' असं लिहिणारेही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलमच आलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा वेगळा गुन्हा ठेवला आहे. गावात पोलिसांच्या भीतीनं माणसं दवाखान्यात न्यायला उशीर करतात, त्यामुळे ही चूक कागदावरची राहत नाही.

शिक्षकांसाठी नमुना करणार असाल तर एक वाक्य शोधून खोडा: "हे आपल्या दोघांतच राहील." मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकाला न पाळता येणारं वचन द्यायला शिकवलं की मूल दुसऱ्यांदा फसवलं जातं. त्याऐवजी "मी हे चारचौघांत बोलणार नाही, पण तुला सुरक्षित ठेवायला लागलं तर योग्य माणसाला सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच करेन" असं काहीसं. लांब आहे, म्हणूनच त्याचा सराव लागतो.

खरी केस वापरू नका. नाव बदललं की झालं असं शहरात वाटतं. 'नवरा ट्रॅक्टर चालवतो, दोन मुली, धाकटी जाऊ अंगणवाडीत' एवढ्यावर अख्खा तालुका माणूस ओळखतो. मैत्रिणीनं विश्वासानं सांगितलेलंही नको. चार-पाच ठिकाणचे तपशील घेऊन नवा माणूस रचा आणि तळटिपेत तसं लिहा.

आणि ती चिठ्ठी! 'आयुष्यातला सर्वांत दुःखाचा क्षण चिठ्ठीवर लिहा आणि गटात वाचा' हा खेळ अजूनही दर दुसऱ्या नमुन्यात असतो. चाळीस जणींच्या बॅचमध्ये कोणाच्या घरी आत्महत्या झालेली असते, कोणाला रात्री मार बसलेला असतो. दुपारी तीन वाजता तिला उघडं करायचं आणि चारच्या एसटीला लावून द्यायचं, हे मला क्रूर वाटतं. तुमच्या आराखड्यात उलट दिसायला हवं: सुरुवातीलाच सांगितलंय की कोणतीही भूमिका नाकारता येईल, बाहेर जाऊन बसता येईल, दुसरा प्रशिक्षक हॉलमध्ये आहे आणि त्याचं काम फक्त चेहरे बघायचं, दिवस संपल्यावर अर्धा तास समुपदेशक थांबणार आहे. रडू आलं म्हणजे सत्र छान झालं असं मानणारे प्रशिक्षक आहेत आपल्या क्षेत्रात. मी त्यांच्यातली नाही.

निवडीची पुढची पायरी बहुधा लेखी काम असते: दोन-तीन दिवस देतात आणि सांगतात, चाळीस आशांसाठी अर्ध्या दिवसाचं सत्र आखा. इथं तुमचं नऊ वर्षांचं कसब चालेल, फक्त परिस्थिती गृहीत धरा. दहाचं सत्र साडेअकराला सुरू होतं, कारण त्यांना लसीकरणाचे आकडे देऊन यायचं असतं. चारनंतर कोणी थांबत नाही. दोघी-तिघींसोबत लहान मूल असतं. प्रवासभत्त्याच्या सह्यांना अर्धा तास जातो, आणि तो जेवणाआधी घेतला तर सगळ्या निवांत बसतात. संस्था मेळघाटात काम करत असेल तर आशाताई घरोघरी कोरकूत बोलतात; मराठीत सराव करून कोरकूत वापरायचं ओझं त्यांच्यावर टाकू नका, गटात कोरकूतच बोलू द्या आणि निरीक्षकाचं कार्ड मराठीत ठेवा. हे सगळं लिहायची गरज नाही. वेळापत्रकात साडेअकराला हलकं काहीतरी आणि मुख्य सराव बारा ते दीडमध्ये दिसला तरी आम्हाला कळतं की हा माणूस फिल्डचा विचार करतो.

काम मोजायचं कसं, हे विचारलंच जाईल. देणगीदाराला 'किती जणांना प्रशिक्षण दिलं' हा आकडा हवा असतो आणि संस्थेला तो द्यावाच लागतो. पूर्व-चाचणी, उत्तर-चाचणी, समाधानाचा फॉर्म हे तुम्हाला पाठ असेल. प्रशिक्षणाचा परिणाम मोजायच्या कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्याही पाठ असतील. इथं तिसऱ्या पातळीवर, म्हणजे माणूस प्रत्यक्ष काय करतो यावर, बोला. नेपाळमधल्या कामातून 'एनॅक्ट' नावाची मोजपट्टी तयार झाली. तिच्यात तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्याचं नाट्यसरावातलं ऐकणं, बोलणं, धोका ओळखणं यांना गुण देतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा 'इक्विप' मंच त्याच धर्तीवर आहे, मोफत आहे. मुलाखतीआधी तिथं दोन संध्याकाळी घालवा. "प्रशिक्षणाआधी आणि तीन महिन्यांनी दहा जणींचा पाच मिनिटांचा नाट्यसराव याच पट्टीवर मोजीन" एवढं म्हणालात की पुढची वीस मिनिटं मुलाखत मजेत जाते.

एक प्रश्न मी स्वतः नेहमी विचारते. संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञांना एका दिवसाच्या प्रशिक्षणात स्किझोफ्रेनियापासून डिमेन्शियापर्यंत सगळे आजार हवेत. तुम्ही काय कराल? 'डॉक्टरांना समजावून सांगेन' हे उत्तर ऐकायला गोड, पण डॉक्टर समजत नाहीत. 'ते म्हणतील तसं करेन' म्हणणारा तर नकोच. मला आवडलेलं उत्तर असं होतं: डॉक्टरांना विचारेन, सर, आशाताईनं पाठवलेला कोणता पेशंट उशिरा आल्यामुळे तुम्हाला सर्वांत वाईट वाटतं? ते दोन-तीन प्रसंग सांगतील. दिवस त्या प्रसंगांवर आखेन आणि बाकीच्या आजारांचं एक पानाचं पत्रक त्यांच्याच नावानं छापून देईन. त्या उमेदवाराकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती, हे जाता जाता सांगते.

आता तुमच्या नैराश्याबद्दल. लिहायलाच हवं असं नाही, आणि लिहिलं तर कमीपणाही नाही. मानसिक आजारातून गेलेल्यांचा अनुभव हा कामाचा भाग मानणाऱ्या संस्था आहेत; काही जाहिरातींत तसं स्पष्ट म्हटलेलं असतं. तसं असेल तर मोकळेपणानं लिहा, पण त्या अनुभवानं तुमच्या रचनेत काय बदललं ते लिहा. "मी स्वतः यातून गेले आहे. 'सकारात्मक विचार कर' हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं ते मला माहीत आहे, म्हणून माझ्या सरावात सल्ल्याला उशिरा जागा असते." एवढं पुरे. निदान, औषधं, तारखा यांतलं काही देऊ नका. मुलाखतीत कोणी ते खोदून विचारलं तर "त्याचा या कामाशी संबंध नाही" असं शांतपणे म्हणता येतं, आणि विचारणाऱ्याकडे नीट बघून घ्या. जाहिरातीत तसा उल्लेख नसेल आणि तुमची द्विधा असेल तर पत्रात नको. रुजू झाल्यावर माणसं पाहून ठरवा. दोन वर्षांच्या आतली जखम असेल तर मात्र एक गोष्ट स्वतःशी तपासा: रोज आत्महत्येचे प्रसंग लिहायचे, वाचायचे, त्यांचे सराव बघायचे, हे आत्ता झेपेल का? जमेल न जमेल, पण विचारायचं स्वतःलाच. संस्थेला ते ठरवायचा अधिकार देऊ नका.

तुम्हीही त्यांना विचारा. प्रशिक्षणानंतर सुपरव्हिजन कोण करतं, किती दिवसांनी, आणि त्याचा पगार कोणत्या प्रकल्पातून येतो? "व्हॉट्सॲप ग्रुप आहे" असं उत्तर आलं तर समजा की तुमचं उत्तम मॉड्यूल तिथं शुभ सकाळच्या फुलांखाली जाईल. फिल्डला महिन्यातून किती दिवस? पहिल्या महिन्यात एकही मॉड्यूल न लिहिता फक्त गृहभेटींना जाऊ देतील का? देत असतील तर संस्था शहाणी आहे.

पैशाचं सरळ बोला. आयटीतला पगार मिळणार नाही, आणि 'समाजकार्य आहे' म्हणून तो विषय टाळणाऱ्यांच्या नादी लागू नका. पद कायम आहे की अकरा महिन्यांचा करार? पगार आहे की 'कन्सल्टंट' म्हणून टीडीएस कापून मानधन, म्हणजे पीएफ नाही, रजा नाही? पैसा सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक निधीचा) की परदेशी देणगीचा? परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. त्यामुळे तुमचं पद प्रकल्पाच्या खर्चात दाखवलंय की कार्यालयाच्या, यावर ते किती टिकेल हे बरंचसं ठरतं. प्रकल्प कधी संपतो ती तारीख मागून घ्या. निवडीच्या नावाखाली अख्खं तीन दिवसांचं मॉड्यूल फुकट लिहून मागितलं तर अर्ध्या दिवसाचं देते म्हणा. चांगल्या संस्था हसून मान्य करतात.

नमुना युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ पाठवा. श्रीलिपीतली फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की निव्वळ अगम्य अक्षरं दिसतात. आणि पाठवण्याआधी तो संवाद एकदा मोठ्यानं वाचून घ्या, शक्य असेल तर एखाद्या आशाताईसमोर. ती "आम्ही असं बोलत नाही हो" म्हणाली, तर कसं बोलता ते विचारा आणि तेच लिहा.